आधी भिंग घ्या, मग घड्याळ

घड्याळांचा नाद नव्यानं लागलेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणतं घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी भिंग घ्या. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, दहापट मोठं दाखवणारं. त्याखाली घरात असेल ते घड्याळ धरा, कपाटात बंद पडलेलं असलं तरी चालेल.

भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि घड्याळ हळूहळू जवळ आणायचं. दहापट भिंगातून साधारण एका इंचावर स्पष्ट दिसतं. मग बघत बसा. मिनिटांच्या रेघा एकाच जाडीच्या आहेत का? अंकांची छपाई उठावदार आहे, की शाई पसरलीय? काट्याची कड स्वच्छ आहे, की पत्रा कातरल्यासारखी खरखरीत? तारखेच्या खिडकीत आकडा मधोमध बसतो, की एका कडेला रेलतो? अर्धा तास असं पाहिलं की जाहिरातींवरचा विश्वास आपोआप कमी होतो. स्वस्त घड्याळात सुरेख छपाई सापडते आणि महागड्यात गचाळ. हे स्वतःच्या डोळ्यांनी कळायला लागलं की मग खरेदीचं बघू.

खरेदीत पहिला मान मनगटाचा. माझं मनगट पंधरा सेंटिमीटर. दुकानात गेलं की मला हमखास 'लेडीज' ट्रेकडे वळवतात. तिथे चमचमणारे खडे असतात आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी वेळही असते. मी तिकडे फिरकत नाही. १९५० आणि ६०च्या दशकांतली पुरुषांची बरीचशी घड्याळं ३३ ते ३६ मिलिमीटर व्यासाची होती, आणि ती मला बेतल्यासारखी बसतात. बारीक मनगटाच्या पुरुषांनाही हेच सांगेन. मोठ्या तबकड्यांची फॅशन नंतरची आहे, तिच्यासाठी आपलं मनगट ताणू नये.

पण नुसत्या व्यासावर जाऊ नका. पट्टा जिथे अडकतो ती चार शिंगं म्हणजे लग. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर हा खरा आकडा. मनगटाचा वरचा सपाट भाग जेवढा रुंद, त्याच्या आत हे अंतर बसलं पाहिजे. लग मनगटाबाहेर डोकावले तर घड्याळ कितीही देखणं असो, ते दिवसभर हलत राहणार आणि आठवड्याभरात डब्यात जाणार. माझी मर्यादा ४५ मिलिमीटरची. ऑनलाइन घ्यायचं असेल तर पुठ्ठ्यावर व्यास आणि लग मोजून आकार कापा, मनगटावर ठेवा आणि आरशात बघा. स्वतःच्या डोळ्यांनी वरून पाहिलं की घड्याळ आहे त्यापेक्षा मोठं वाटतं, आरशात त्याचं खरं माप दिसतं. जाडीही विचारा. पूर्ण बाह्यांचे कपडे घालणाऱ्यांना बारा मिलिमीटरच्या पुढे ती बाहीत अडकायला लागते.

दुसरी गोष्ट, वेळ वाचता येणं. मी शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता तास संपायला किती मिनिटं उरली ते मला एका नजरेत कळायला हवं, तेही हात वर असताना. चांदीसारख्या तबकडीवर चकचकीत चांदीचेच काटे असतील तर ठरावीक उजेडात ते चक्क नाहीसे होतात. फोटोत हे दिसत नाही, कारण फोटो काढणारा प्रकाश हवा तसा लावतो. म्हणून घड्याळ हातात घेऊन खिडकीकडे जा, पाठमोरे व्हा, तिरकं धरा. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतो का, तेही पाहा. तो अलीकडेच संपत असेल तर मिनिटं अंदाजानंच वाचावी लागतात. असा काटा मला तरी चालत नाही.

आता मशीन. इथे लोक हमरीतुमरीवर येतात, त्यामुळे माझं मत सरळ सांगते: पहिलं घड्याळ क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, घ्यायला कसलाही कमीपणा नाही. त्यात क्वार्ट्झचा एक इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. सर्किटमध्ये ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो आणि त्यावर काटा हलतो. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. चावीचं किंवा ऑटोमॅटिक तेवढं एका दिवसात होऊ शकतं. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था ज्यांना क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं, प्रमाणपत्र देते, त्या यांत्रिक घड्याळांनाही रोज सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंदांची मुभा असते, आणि तेही पंधरा दिवस, पाच स्थितींत, तीन तापमानांत तपासल्यावर. दिवसात ८६,४०० सेकंद असतात हे लक्षात घेतलं तर स्प्रिंग आणि दातेरी चाकांची ही करामत थोर आहे. पण ज्याला नुसती अचूक वेळ हवी, त्यानं यांत्रिक घेऊन रोज कुरकुर करू नये.

यांत्रिकात दोन घराणी. हातानं चावी द्यायचं, आणि हाताच्या हालचालीवर स्वतःच चावी भरून घेणारं ऑटोमॅटिक. रोज तेच घालणार असाल तर ऑटोमॅटिक सोयीचं. चार घड्याळं आलटून पालटून घालणार असाल तर ते दोन दिवसांत बंद पडतं, कारण बऱ्याच मशीनमध्ये चावीचा साठा चाळीस तासांच्या आसपासचाच असतो. मग प्रत्येक वेळी वेळ लावा, तारीख लावा. घड्याळ फिरवत ठेवणारी यंत्रं मिळतात, पण त्यांची गरज नाही. बंद पडू द्या, बंद राहिल्यानं त्याचं काही बिघडत नाही. मला स्वतःला चावीची आवडतात. सकाळी तीस-चाळीस वेळा चावी फिरवायची आणि अडली की थांबायचं. घड्याळ हातातून काढून चावी द्या, म्हणजे दांडीवर तिरका ताण येत नाही.

घेताना मशीनचं नाव विचारा. ब्रँडपेक्षा ते जास्त सांगतं. जपानच्या सेइकोचं ७एस२६ हे मशीन वर्षानुवर्षं दणकट चालतं, पण त्याला चावीनं भरता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. त्यांच्याच एनएच३५मध्ये या दोन्ही सोयी आहेत, आणि हेच मशीन कितीतरी छोट्या कंपन्या आपापल्या केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, घालतात. स्विस बाजूला ईटीए २८२४ आणि त्याच्याच बेतावरचं सेलिटा एसडब्ल्यू२०० कोणाही घड्याळजीच्या सवयीचं असतं. ही मशीन तासाला २८,८०० ठोके देतात, ७एस२६ आणि एनएच३५ २१,६००. म्हणजे सेकंदकाटा एका सेकंदात आठ किंवा सहा छोट्या उड्या मारतो. लांबून तो सरकल्यासारखा दिसतो, भिंगातून उड्या दिसतात. अनोळखी, कुणी न हाताळलेलं मशीन असेल तर सुटे भाग कुठून येणार, ते आधी विचारा.

काचेबद्दल थोडक्यात. सफायर काचेवर सहसा ओरखडा उठत नाही, पण जोराचा आघात झाला तर ती फुटते. मिनरल काच मधली. अॅक्रिलिकवर नुसत्या बाहीनंही ओरखडे पडतात, पण पॉलिशची पेस्ट लावून कापडानं पाच मिनिटं घासलं की जातात. म्हणून अॅक्रिलिकला नाक मुरडू नका. ओमेगाच्या स्पीडमास्टरमध्ये ती आजही मिळते.

पाण्याबद्दल मात्र गैरसमज फार. घड्याळाच्या पाठीवर ३० मीटर लिहिलंय म्हणजे तीस मीटर खोल नेता येतं असं नाही. तो प्रयोगशाळेतला दाब आहे. ३० मीटर म्हणजे हात धुताना शिंतोडे चालतील. पोहायला १०० मीटर हवं. पाण्याखाली जायचं तर आयएसओ ६४२५ या मानकाचं डायव्हर घ्या. त्याला किमान १०० मीटर लागतं आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. पाणी अडवणारं आतलं रबर वयाबरोबर कडक होतं, त्यामुळे पाठ उघडली की दाबाची तपासणी पुन्हा करून घ्यायची. आणि जुन्या घड्याळावर वॉटरप्रूफ लिहिलं असलं तरी त्याला पाणी दाखवू नका.

आता माझा जीव जिथे रमतो तिथे येऊ: जुनी घड्याळं. इथे भिंगाशिवाय पाऊल टाकू नका, कारण जुन्या बाजारात सगळ्यात जास्त खोटी असते ती तबकडी. झिजलेली तबकडी पुसून पुन्हा छापतात आणि 'एकदम मिंट' म्हणून विकतात. मी बघते ती अशी. पहिल्यांदा सहाच्या खालची बारीक अक्षरं, कारण नकली छपाई तिथे उघडी पडते. अक्षरं जाड, एकमेकांना चिकटलेली, किंवा कडेनं अर्धवट कापलेली असतात. मग मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा जुळतात का. रेघ खुणेच्या मधोमध यायच्या ऐवजी हळूहळू सरकत गेली असेल तर तबकडी दुसऱ्यांदा छापलीय. मग धातूच्या खुणांचा पाया: तिथे रंग वर चढलेला किंवा साचलेला दिसला तर खुणा न काढताच वरून रंग मारलाय. साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी कोरी करकरीत आणि केस मात्र घासून गुळगुळीत, हेही जुळत नाही. भडक निळ्या-केशरी तबकड्यांची जुनी सेइको ५ घड्याळं ढिगानं विकायला असतात, त्यातली बरीच याच जातीची. आवडली तर जरूर घ्या, पण ती मूळ रूपातली जुनी समजून नको.

सेइकोबाबत एक सोय आहे. पाठीवर चार आकडी मशीन क्रमांक, पुढे केसचा क्रमांक आणि वेगळा अनुक्रमांक असतो. अनुक्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरं चिन्ह म्हणजे महिना. एक ते नऊ आकड्यांत, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. समजा पाठीवर ६१३९ आहे आणि अनुक्रमांक ५एन नं सुरू होतो. ६१३९ हे १९६९मध्ये आलेलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं मशीन, आणि पुढचं दशकभरच बनलं, म्हणजे हे घड्याळ नोव्हेंबर १९७५चं. आता तबकडीच्या तळाशी भिंग न्या. तिथेही बारीक सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याची सुरुवात त्याच मशीन क्रमांकानं व्हायला हवी. तो ७००९ निघाला तर तबकडी दुसऱ्याच घड्याळाची आहे.

काटे आणि तबकडी यांवरचं चमकणारं द्रव्य एकाच वयाचं दिसलं पाहिजे. तबकडीवर जुनं पिवळट आणि काट्यांवर पांढरंशुभ्र असेल तर काटे बदललेत. टॉर्च दाखवून पाहा. 'टी स्विस मेड टी' लिहिलं असेल तर त्यात ट्रिटियम हे किरणोत्सर्गी द्रव्य आहे. ट्रिटियमचं अर्धआयुष्य सुमारे १२.३ वर्षं, त्यामुळे साठच्या दशकातलं घड्याळ अंधारात दीर्घकाळ झगझगत असेल तर द्रव्य नंतर भरलेलं आहे. त्याहून जुन्यात रेडियम असू शकतं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षं. चमकणं केव्हाच थांबलेलं असतं, किरणोत्सर्ग थांबलेला नसतो. असं घड्याळ घरी उघडू नका, काट्यांवरचं द्रव्य खरवडू नका. त्याची धूळ पोटात किंवा छातीत जाणं हाच खरा धोका.

केसमध्ये लगच्या कडा पाहायच्या. कारखान्यातून येताना त्या धारदार असतात. पुन्हा पुन्हा पॉलिश केलं की चोखलेल्या गोळीसारख्या गोल होतात आणि पट्ट्याच्या दांडीची भोकं कडेच्या फार जवळ येतात. ओरखडे मला चालतात, पॉलिश चालत नाही. ओरखडे काढता येतात, घासून गेलेला धातू परत येत नाही.

पाठ उघडू देत असतील तर नशीब. मशीनमध्ये स्क्रूच्या खाचा पाहा. त्या फाटलेल्या असतील तर अडाणी हात लागलाय. चावीच्या दांडीभोवती गंज असेल तर पाणी गेलंय आणि खर्च वाढणार. पाठीच्या आतल्या बाजूला कधी कधी सुईनं कोरलेली बारीक अक्षरं आणि तारखा सापडतात. त्या घड्याळजींनी सर्व्हिसिंगच्या वेळी केलेल्या खुणा. कुणीतरी या घड्याळाकडे लक्ष दिलं होतं, हे कळतं. अशी पाठ दिसली की मी घासाघीस जरा कमी करते.

मग हातानं तपासा. चावी देताना गुळगुळीत चढते का? वेळ लावताना काटे अगदी सैल फिरत असतील तर मशीन टिकटिकत राहील आणि काटे मागे पडतील. तारीख मध्यरात्री उडी मारते का, ते काटे फिरवून पाहा. विकणाऱ्याकडे टाइमग्राफर असेल, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून आलेख काढणारं यंत्र, तर त्याचा फोटो मागा. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळातल्या डुलणाऱ्या चाकाचा झोका, म्हणजे अॅम्प्लिट्यूड, आडवं ठेवल्यावर साधारण २७० ते ३१० अंश. दोनशेच्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचे पैसे किमतीत धरूनच बोला. 'व्यवस्थित चालतंय' याचा अर्थ फक्त एवढाच की ते अजून थांबलेलं नाही.

जमवायचं कसं, यावर माझा एकच आग्रह आहे: धागा असू द्या. बरी दिसतील ती घेत गेलात तर डबा भरतो, संग्रह होत नाही. धागा कोणताही चालेल. एकच देश, एकच रंग, जन्मवर्ष, फक्त क्रोनोग्राफ. माझा धागा आहे बॅटरीची गोष्ट. १९५७मध्ये हॅमिल्टननं बॅटरीवरचं पहिलं मनगटी घड्याळ काढलं. १९६०मध्ये बुलोव्हाचं अॅक्युट्रॉन आलं. त्यात क्वार्ट्झच्या जागी इवलासा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नादकाटा, सेकंदाला ३६० वेळा थरथरतो. ते टिकटिकत नाही, गुणगुणतं. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळे लिहीत असताना मनगट कानाशी नेलं की तो सूर स्पष्ट ऐकू येतो. मग २५ डिसेंबर १९६९, टोकियो, सेइकोचं अॅस्ट्रॉन, बाजारात आलेलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. ते माझ्याकडे नाही आणि येणारही नाही, पण त्याच्या पुढच्या पिढीतली क्वार्ट्झ घड्याळं कवडीमोलानं सुटतात. १९८३मध्ये कॅसिओचं जी-शॉक आलं आणि त्याच वर्षी फक्त ५१ भागांचं स्वॉच. १९८९चं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू तर आजही नवंकोरं मिळतं, आणि संग्रहात त्याची जागा मानाची आहे. काय घ्यायचं नाही, हे धाग्यामुळे पटकन कळतं, आणि या छंदात तोच प्रश्न जास्त वेळा येतो.

या धाग्याची एक अडचणही सांगते. जुनी अॅक्युट्रॉन १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेली होती. आजचे सिल्व्हर ऑक्साइडचे सेल १.५५ व्होल्टचे. तसाच घातला तर काही घड्याळं पुढे पळतात, त्यामुळे ती जुळवून घ्यावी लागतात किंवा व्होल्टेज कमी करण्याची सोय करावी लागते. ज्याला हे माहीत नाही अशा माणसाला सेल बदलायला देऊ नका.

पट्टा बदलायला स्वतः शिका. पट्टा ज्यांच्यामध्ये बसतो त्या दोन लगमधलं अंतर मोजा, बहुतेक वेळा ते १८, २० किंवा २२ मिलिमीटर निघतं. त्याच मापाचा पट्टा आणि दुतोंडी हत्यार घेतलं की झालं. काम करताना लगच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावा, हत्यार सटकतंच. पट्टा अडकवणारी स्प्रिंगची दांडी थोडी जरी वाकलेली असेल तर टाकून द्या. तिच्यावर पूर्ण घड्याळ लटकलेलं असतं.

रोजच्या सवयींत दोनच जपा. यांत्रिक घड्याळाची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान चावीनं बदलू नका. त्या वेळी तारखेची चाकं आधीच गुंतलेली असतात आणि दाता तुटू शकतो. काटे सहावर आणा आणि मग तारीख लावा. दुसरं म्हणजे चुंबक: स्पीकर, टॅब्लेटचं कव्हर, पर्सचं बटण. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर बिघाड समजू नका, आधी होकायंत्राजवळ धरा. सुई हलली तर मशीनमधली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली असण्याची शक्यता मोठी, आणि चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र ते क्षणात घालवतं.

क्वार्ट्झ घड्याळ महिनोन्महिने घालणार नसाल तर सेल काढून ठेवा, संपलेला सेल तर लगेच. तो आत गळला की सर्किट खातो. काढल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती पाठीला रबरानं बांधा. चामड्याचे पट्टे वेगळे ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि दमट हवेत ती पुडी बदलत राहा.